मेन दार शेवटी

लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माणसं अक्षता टाकतात, फोटोत येण्यासाठी मान उंच करतात, नाहीतर पंगतीच्या दिशेने एक डोळा ठेवतात. केरबाआप्पा कान टवकारतात. सांगलीच्या एका कार्यालयात त्यांच्या भाचीचं लग्न होतं आणि मामा म्हणून ते मुलीच्या पाठीशी उभे होते. गुलाबी फेटा, नवं धोतर, खांद्यावर मात्र रोजचाच टॉवेल. माझा धंदा मांडव आणि माइकचा. त्या दिवशीही माइक माझ्याकडे होता, त्यामुळे सगळं कार्यालय माझ्या नजरेखाली. तिसरं मंगलाष्टक संपलं, चौथं सुरू झालं आणि मी बघतो तर मुलीच्या मागे मामाच नाही.

शोधाशोध झाली. आप्पा कार्यालयाच्या मागच्या बाजूला टाकीखाली उकिडवे बसलेले सापडले. फेटा मांडीवर काढून ठेवलेला आणि दोन्ही हातांनी नळाची एक गंजकी चावी आवळत होते. मंगलाष्टकं, सनई आणि दोन-अडीचशे माणसांच्या गलक्यातून त्यांना पाणी गळाल्याचा आवाज आला होता. चावी त्यांनी इतकी घट्ट आवळली की पुढे पहिल्या पंगतीला हात धुवायला थेंब मिळाला नाही. हौसाकाकू, म्हणजे त्यांची बायको, सगळ्यांसमोर एवढंच म्हणाल्या, "आवं, मामा पोरीच्या पाठीशी हुबा ऱ्हातो, टाकीच्या न्हाई."

केरबाआप्पा आमच्या शेजारचे. पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याचं पाणी कोणत्या चारीला, म्हणजे फाट्याला, किती वेळ सोडायचं, कोणाची पाळी संपली, कोणाची लागली, हे बघणारा माणूस म्हणजे पाटकरी. खात्यातून ते निवृत्त झाले त्याला सात वर्षं झाली, पण कालव्याला ते कोणी कळवलं नसावं. पाणी सुटलं की आप्पा काठावर हजर. आमचं गाव बरोबर हद्दीवर आहे. चारीचं दार सातारा जिल्ह्यात आणि तिच्यावर भिजणारं रान सांगली जिल्ह्यात. साहेबलोक यावरून एकमेकांना पत्रं लिहायचे. आप्पा दार उघडायचे.

उसाच्या रानात पाणी देण्याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. खोऱ्याने एका सरीचं तोंड फोडायचं, तिचं पोट भरलं की मातीने बुजवायचं आणि पुढच्या सरीचं तोंड फोडायचं. ऐकायला सोपं आहे. मी एकदा धरून बघितलं. अर्ध्या तासात माझं रान कोरडं, शेजाऱ्याचं रान तळं आणि मी दोन्हींच्या मध्ये गुडघाभर चिखलात. आप्पा बांधावर बसून बघत होते. मदतीला आले नाहीत. सगळं वाहून गेल्यावर शांतपणे म्हणाले, "घाबरून मेन दार बुजवलंस. एक सरी फुटली म्हणून सगळ्या रानाला उपाशी मारतो व्हय रं? मेन दार शेवटी."

हे त्यांचं एक वाक्य. दुसरं होतं, "गळती दिसती तिथं नसती." याची कथा अशी. एकदा चारीच्या खालच्या अंगाला कोणाच्या तरी गोठ्यात पाणी शिरलं. खात्याचे नवे साहेब गोठ्याशेजारी खणायला लागले. आप्पा चप्पल काढून वरच्या बाजूला चालत गेले, पायाच्या बोटांनी माती चाचपत. पन्नास-साठ पावलांवर थांबले, आडवे झाले, कान लावला आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. हात बाहेर आला तेव्हा बोटाला खेकडा लटकत होता. खेकड्याचं बीळ बुजवताना त्यांनी आधी दगड घातला नाही, माती घातली नाही. मुठीएवढी गवताची पेंढी मुळ्यांसकट खुपसली आणि मग चिखल थापला. नुसता दगड पाण्याला अडवत नाही, बाजूने वाट देतो. केसाळ काहीतरी असलं की गाळ त्याला धरून बसतो आणि पाणी आपलं आपणच भोक बुजवतं. साहेबांनी हे वहीत लिहून घेतलं. आप्पांना त्याचा फार अभिमान. खेकडा चावल्याचा मात्र ते कधी उल्लेख करत नाहीत. तो मी करतो.

आणि तो टॉवेल. चारीच्या दारापासून शेवटच्या शेतापर्यंत हाक पोचत नाही. आता मोबाइल आहेत, पण ओल्या हाताने मोबाइल कोण काढणार? म्हणून आमच्याकडे टॉवेलची खूण आहे. टॉवेल उभा धरला की सोडा. आडवा धरला की बंद करा. आणि पाणी स्वच्छ होऊन शेवटच्या सरीपर्यंत पोचलं की शेपटाचा, म्हणजे शेवटचा, शेतकरी टॉवेल डोक्यावर गरागरा फिरवतो. तो फिरताना दिसल्याशिवाय आप्पा दारापासून हलत नसत.

तर हा माणूस दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चारीचं दार उघडायला गेला. दार लोखंडी, उघडायला फिरवायचं हँडल. खाली ओंडका अडकलेला. आप्पांनी जोर लावला, वरचा खटका निसटला आणि हँडल उलटं फिरून डाव्या बरगड्यांखाली बसलं. दुसरा कोणी असता तर ओरडला असता. आप्पांनी आधी दार बंद केलं, हँडल कुलपात ठेवलं, घरी येऊन चहा मागितला आणि चहा यायच्या आत जमिनीवर आडवे झाले.

इस्लामपूरच्या दवाखान्यात तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की मूत्रपिंड फाटलंय, आत रक्त साचलंय, पण रक्तस्राव आपोआप थांबलाय. असं पुष्कळदा थांबतं. कापाकापी नको, पडून राहायचं. एवढ्यावर आम्ही सुस्कारा सोडत होतो, तोच त्यांनी फोटो पुन्हा उजेडात धरला आणि विचारलं, यांचं उजवं मूत्रपिंड कधी काढलं होतं?

कोणी काढलं नव्हतं. ते नव्हतंच. जन्मापासून आप्पांना एकच होतं आणि हँडल नेमकं त्याच्यावर बसलं होतं.

आप्पांनी विचार केला. "म्हंजे साठ वर्षं एकाच पंपावर शेती चाललीय," ते म्हणाले. आवाजात भीती नव्हती, कौतुक होतं. काकूंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की पहिल्या रात्रीपासूनचा हिशेब व्हावा. "सोयरीक जमवताना ह्ये तुमच्या आयनं सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या.

सहाव्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या. तीन आठवडे अंथरूण, ओझं उचलायचं नाही आणि लघवी लाल झाली तर घड्याळ न बघता यायचं. कारण जखमेतली एखादी रक्तवाहिनी आत फुगा धरून बसते आणि दहा-पंधरा दिवसांनी तो फुटतो. पहिलं फाटणं थांबलं म्हणजे झालं असं नाही.

चार दिवस आप्पा सोप्यात कॉटवर पडून राहिले. काकू दारात सूप घेऊन बसायच्या. निवडायला धान्य असो वा नसो, सूप हातात. पाचव्या दिवशी पाण्याची पाळी आली. कॉटवरून चारीचा आवाज ऐकू येतो. आप्पांचं म्हणणं असं की पाणी चुकीचं चाललं होतं, चुकीच्या पाण्याचा आवाज वेगळा असतो आणि तो ऐकत पडून राहणं हे आजारापेक्षा वाईट. काकू दळण आणायला गेल्या. परत आल्या तर कॉट रिकामी आणि कोपऱ्यातलं खोरं गायब.

त्या दिवशी त्यांनी तीन तास दारं धरली. बांधावर लघवीला बसले तेव्हा ती लाल होती.

आता इथे कोणताही शहाणा माणूस घाबरला असता. आप्पा घाबरले नाहीत, कारण त्यांना पाणी कळत होतं. बंद चारीत पहिल्यांदा पाणी सोडलं की ते गढूळच येतं. पालापाचोळा, तांबडी माती, मेलेले बेडूक, सगळं घेऊन येतं. अडाणी शेतकरी ओरडतो, पाटकरी थांबतो. तास-दोन तासांत पाणी निवळतं. आप्पांचं अनुमान असं झालं की इतके दिवस पडून राहिल्याने आत गाळ साचलाय, चालण्याने तो सुटलाय, आता भरपूर पाणी सोडलं की वाहून जाईल. म्हणून ते तांब्यावर तांब्या पाणी पीत राहिले आणि निवळायची वाट बघत राहिले. दोन दिवस. काकूंना कळू नये म्हणून लघवीला परसात न जाता उसात जात होते. चाळीस वर्षांच्या नोकरीत ते जे काही शिकले होते, ते सगळं वापरून त्यांनी ही चूक केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी व्हॅन पुसत होतो. आप्पा माझ्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा राखेसारखा, टॉवेल पोटाशी धरलेला.

"विलास, गाडी काढ," ते म्हणाले. "पाणी निवळंना."

व्हॅनमध्ये मागे मांडवाचे पडदे होते. त्यांच्यावर आप्पांना झोपवलं, काकू डोक्याशी बसल्या. इस्लामपुरात सलाईन लावून डॉक्टरांनी थेट सांगलीला पाठवलं. मी व्हॅन अशी हाकली की त्यावर मी वेगळं बोलू शकतो, पण बोलत नाही. आष्ट्याजवळ कोणाची तरी पाइपलाइन फुटून रस्त्याकडेला कारंजं उडत होतं. इतका वेळ डोळे मिटून असलेले आप्पा आवाजाने जागे झाले आणि गाडी थांबव म्हणाले. मी थांबवली नाही. सांगली येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. रक्त जाणाऱ्या माणसाचा रुसवा मी पहिल्यांदाच बघितला.

सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. सर्जन आले, स्वच्छ बोलले. रक्त थांबत नाही. पोट उघडलं तर अशा वेळी बहुतेकदा अख्खं मूत्रपिंड काढावं लागतं. ज्याला दोन असतात त्याचं दुसऱ्यावर भागतं. यांना दुसरं नाही. काढलं तर माणूस वाचेल, पण जन्मभर आठवड्यातून दोन-तीन दिवस डायलिसिसच्या मशीनला जोडून बसावं लागेल. आप्पांचा मुलगा फौजेत, जम्मूला. तो फोनवरून म्हणत होता, पुण्याला हलवा. सर्जन म्हणाले, पुण्यापर्यंत मी यांची खात्री देत नाही. मग त्यांनीच सांगितलं की आमच्याकडे एक डॉक्टर आहेत, त्या न कापता प्रयत्न करू शकतील. आधी त्यांना बघू द्या.

डॉक्टर वनिता आल्या. चाळिशीच्या, बुटक्या, पायात रबरी चपला, बोलणं भराभर. त्यांचं काम असं की जांघेतल्या धमनीत बारीक नळी घालायची, ती आतल्या आत मूत्रपिंडापर्यंत न्यायची, पडद्यावर बघत बघत फुटलेली वाहिनी गाठायची आणि आतून बुजवायची. टाका नाही, भूल फक्त जांघेपुरती. माणूस जागाच.

आप्पा म्हणाले, नको.

काकूंनी कपाळाला हात लावला. आप्पांचा मुद्दा एवढाच होता की ही बाई दार बंद करणार म्हणते, रक्ताचं दार बंद केलं तर एकुलता एक पंप जळणार, मग कापलं काय आणि बुजवलं काय. डॉक्टर घाईत होत्या, पण त्यांनी स्टूल ओढलं.

"कुठलं दार बंद करणार?" आप्पांनी विचारलं. "मेन का पोटचारी?"

डॉक्टरांनी केसपेपर उलटा केला आणि पेनाने एक जाड रेघ काढली, तिला फाटे, फाट्यांना फाटे. शेवटच्या एका काडीला गोल केलं. "ही एवढीच," त्या म्हणाल्या. "हिच्यावर जो कोपरा भिजतो तो वाळेल. बाकी रान हिरवं राहील."

आप्पा कागद बघत राहिले. "रान म्हणालासा. कुठल्या गावच्या तुमी?"

"आटपाडीची."

"आटपाडीला कुठला आलाय पाट?"

"नव्हताच. टँकर यायचा. त्याचा पाइप गळायचा, तिथं आई गवत गुंडाळून चिंधी बांधायची, आणि आम्ही भावंडं खाली घागर धरून बसायचो."

आप्पांनी सहीसाठी हात पुढे केला. मी जन्मात खूप प्रमाणपत्रं बघितली, पण गळक्या पाइपावर डॉक्टर निवडणारा एवढाच माणूस.

आत नेताना त्यांनी टॉवेल काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो घडी करून छातीशी धरला आणि मग इतका वेळ न बोललेलं एक वाक्य माझ्याकडे न बघता बोलल्या. "मशीनला बांधलेला ह्यो माणूस माज्यानं बघवायचा न्हाई रं. ह्येला बसायला येत न्हाई."

काचेच्या अलीकडे एक खोली असते, तिथे टीव्हीसारखे पडदे असतात. नळी जागेवर पोचल्यावर डॉक्टरांनी आम्हाला तिथे बोलावून घेतलं. नातेवाइकांना बघू द्यायची त्यांची पद्धत. काचेपलीकडे आप्पा उताणे, हिरव्या कापडाखाली, फक्त डोकं बाहेर. पडद्यावर करडा उजेड आणि त्यात रक्तवाहिन्या दाखवणारं औषध सुटल्याबरोबर एक काळं झाड उगवलं. इतकं नीटस झाड की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आणि खालच्या अंगाच्या एका डहाळीला जांभळाएवढा फुगा. त्याच्या बुडातून काळं झिरपत होतं.

काकूंनी विचारलं, "ह्ये ह्यांच्या पोटात?" तंत्रज्ञ हो म्हणाला. "आणि निघताना ह्यो सांगत हुता गाळ हाय," काकू म्हणाल्या.

पुढचं मला तीन तोंडांनी कळलंय आणि तिन्ही तोंडं वेगळं सांगतात. एवढं खरं की आप्पांनी आत हट्ट करून पडदा आपल्याला दिसेल असा फिरवून घेतला. पडदा दिसल्यावर ते गप्प बसणं शक्यच नव्हतं. डॉक्टर म्हणतात, मी नळी पुढच्या फाट्यात नेतच होते. आप्पा म्हणतात, बाई अलीकडंच थांबल्या होत्या, मी सांगितलं म्हणून पुढं गेल्या. सिस्टर म्हणतात, दोघंही एकदम बोलले. बुजवायला वापरतात ती तारेची बारीक गुंडाळी असते आणि तिला बारीक तंतू असतात, रक्त त्यांना धरून थिजावं म्हणून. डॉक्टरांनी ते समजावून सांगितलं तेव्हा आप्पा एवढं मोठ्याने "गवताची पेंढी!" म्हणाले की आम्हाला काचेतून ऐकू आलं.

पहिली गुंडाळी बसली. औषध सोडलं. झाड उगवलं, फुगाही उगवला, फिकट, पण उगवला.

काकूंच्या मुठीत टॉवेलाचा बोळा झाला होता. तेवढ्यात आतून आप्पांचा आवाज आला, अगदी बांधावरून यावा तसा. "एका पेंढीवर थांबत न्हाई ती. दुसरी लावा. मेनला हात लावू नगा."

डॉक्टरांनी दुसरी लावली. मग मिनिटभर काहीच केलं नाही. रक्ताला थिजायला वेळ द्यावा लागतो. माझ्यासारख्या माइकवाल्या माणसाला एक मिनिट शांतता म्हणजे काय असते ते त्या दिवशी कळलं. पुन्हा औषध. झाड उगवलं. खोड, फांद्या, डहाळ्या, टोकापर्यंत सगळं. त्या एका कोपऱ्यात मात्र काही नाही. फुगा नाही, झिरपणं नाही. डॉक्टरांनी पुन्हा एकदा सोडून बघितलं. नाहीच.

त्यांनी काचेकडे वळून मान हलवली. आप्पांनीही मान वळवली, त्यांना आम्ही दिसत असू. आणि हौसाकाकूंनी, ज्यांनी उभ्या आयुष्यात चारीवर पाऊल ठेवलं नव्हतं, मुठीतला टॉवेल सोडला आणि त्या अरुंद खोलीत डोक्यावर गरागरा फिरवला. तंत्रज्ञाचा चष्मा पडला.

नंतर सहा तास पाय सरळ ठेवायचा होता. नळी घातलेली जागा पुन्हा उघडू नये म्हणून. सहा तास न हलणं हे आप्पांसाठी सगळ्या आजारातलं अवघड प्रकरण. काकू पायाशी बसल्या आणि गुडघा हलला की अंगठा पिरगाळायच्या. पुढे दोन दिवस बारीक ताप आला, कंबर दुखली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की कोपरा वाळताना असं होतं. लघवीची पिशवी कॉटला टांगलेली. पहिल्या दिवशी लाल, मग गुलाबी, मग कोऱ्या चहासारखी. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला पिशवी दाखवायचे. भेटायला आलेल्या व्याह्यांनाही दाखवली. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला फोन करून बोलावलं. मी धावत वर गेलो. आप्पा उशीला टेकून बसले होते. त्यांनी बोटाने खाली दाखवलं. पिशवीत गव्हाच्या काडाच्या रंगाचं निर्मळ पाणी होतं.

"पाळी दिली असती ह्या पाण्यावर," ते म्हणाले.

या वेळी मात्र त्यांनी पुरते तीन आठवडे अंथरूण धरलं. काकूंच्या सुपाला घाबरून नाही. घरी निघताना डॉक्टरांनी एवढंच विचारलं होतं की आप्पा, चारीचा भराव ओला असताना तुम्ही त्याच्यावरून बैलगाडी जाऊ देता का? आप्पा म्हणाले, कोण जाऊ देईल? त्यानंतर काही सांगावं लागलं नाही. खोरं त्यांनी स्वतः माझ्या घरी आणून ठेवलं. रोज सकाळी परसातून येताना मात्र काकूंना अहवाल देतात, अजूनही देतात. एकच शब्द, "निवळ." काकू भाकरी थापता थापता "बरं" म्हणतात. या दोन शब्दांपलीकडे त्या घरात प्रेमाचं बोलणं मी ऐकलेलं नाही.

सहा महिन्यांनी तपासणी झाली. डॉक्टरांनी फोटोवर दाखवलं की एवढासा कोपरा सुकलाय, बाकी पंप चालू आहे. आप्पांनी फोटो नीट बघितला आणि भलतंच विचारलं. आटपाडीला आता योजनेचं पाणी आलंय म्हणतात, तुमच्या वडलांचं रान कोण भिजवतं? डॉक्टर हसल्या. वडलांना पाण्याची सवय नाही, म्हणाल्या. जन्मभर ते थेंब वाचवत आले. आता पाळी आली की दार उघडतात आणि घाबरतात. दोनदा गव्हाचं रान वाहून गेलंय.

हे ऐकल्यावर आप्पा न जाणं शक्य नव्हतं.

परवाच्या हिवाळ्यात एका रविवारी गेलो. मी, आप्पा आणि काकू. काकूंनी बरोबर बाजरीच्या भाकऱ्या घेतल्या होत्या, जणू आटपाडीत बाजरी पिकत नाही. माळावरचं रान, चहूकडे उघडं. गुडघ्याएवढा गहू, आणि वरच्या कडेने नवी कोरी चारी, आतून अजून काळवंडलेलीही नाही. आप्पांना खोरं उचलायची मनाई, म्हणून डॉक्टरांच्या वडलांनी बांधावर खुर्ची मांडली. आप्पा तिच्यात न टेकता बसले. डॉक्टर वनिता सलवार गुडघ्यापर्यंत खोचून, हातात खोरं घेऊन रानात उतरल्या.

पाणी आलं. दोन वाफे झाले. तिसऱ्याचा बांध फुटला आणि पाणी गव्हात घुसलं. ज्या हातांनी अंधाऱ्या डहाळीत केसाएवढी तार नेली होती, त्या हातांनी घाबरून खोरं उचललं आणि वरच्या अंगाला धावत जाऊन थेट चारीच्या तोंडावर माती ओढली.

आप्पा खुर्चीतून उठले. "डाक्टरीनबाई," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख पसरलं ते मी कधी विसरणार नाही, "ती गोष्ट आपुन टेबलावर बोललो हुतो."

त्या थांबल्या. माती परत ओढली, खाली आल्या, फुटक्या जागी आधी गवत खुपसलं, मग चिखल. थांबलं. वडील आ वासून बघत होते. आप्पा काठी घेऊन रानाच्या कडेच्या बाभळीकडे निघाले.

ते कशाला चाललेत हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बाभळीच्या आड दिसेनासे झाले. आणि मी बघितलं की काकूंचा भाकरी सोडणारा हात थांबलाय. डॉक्टरही खोऱ्यावर रेलून तिकडेच बघत होत्या. इतके महिने झाले, फोटो चांगला, रक्त चांगलं, तरी बघत होत्या. पासष्टीतल्या माणसाला जरा वेळ लागतो. वाफ्यात पाण्याचा बारीक आवाज तेवढा येत होता.

मग बाभळीच्या आडून, माणूस दिसायच्या आधी, टॉवेल दिसला. डोक्यावर उंच, गरागरा फिरत होता.